सरकारी वकील ते संघीय न्यायाधीश

प्रश्न : अमेरिकेत सरकारी वकिलाला संघीय न्यायाधीश होता येते का? तो निःपक्षपाती राहतो का?

उत्तर : होता येते, कारण या पदासाठी अमेरिकी राज्यघटनेने परीक्षा तर सोडाच, कायद्याच्या पदवीचीही अट घातलेली नाही, राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवावे आणि सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, संमती द्यावी, एवढाच मार्ग आहे, आणि तो अर्थातच राजकारणातून जातो. उदाहरणार्थ, सोनिया सोटोमायोर १९७९ मध्ये मॅनहॅटनच्या जिल्हा अभियोक्त्यांच्या कार्यालयात, म्हणजे राज्याच्या कायद्याखालील फौजदारी खटले चालवणाऱ्या यंत्रणेत, रुजू झाल्या. १९८४ नंतर त्यांनी खासगी वकिली केली, १९९२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयात न्यायाधीश झाल्या आणि १९९५ मध्ये त्यांच्या मनाई हुकुमाने बेसबॉल खेळाडूंचा लांबलेला संप मिटला. पुढे १९९८ मध्ये अपील न्यायालय आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालय.

पक्षपाताची शंका रास्त आहे. म्हणूनच सरकारी वकील म्हणून हाताळलेले प्रकरण न्यायाधीशाने ऐकू नये, असे कायदाच सांगतो. मात्र फिर्यादी पक्षाची विचारसरणी अंगवळणी पडलेली असते, तिच्यावर असा नियम चालत नाही. तेथे तहहयात नेमणुकीमुळे मिळणारे स्वातंत्र्य आणि वरिष्ठ न्यायालयातील अपील, हेच काय ते उपाय उरतात.