गीताचे चित्र : विद्यार्थ्यांच्या म्युझिक व्हिडिओची पूर्वतयारी आणि प्रस्ताव

गीत आधी तयार असते आणि चित्र नंतर यायचे असते, ही म्युझिक व्हिडिओची पहिली ओळख होय. कथापटात एखादे दृश्य किती वेळ चालावे हे दिग्दर्शक व संकलक ठरवू शकतात. येथे तो वेळ गीताने अगोदरच ठरवून टाकलेला असतो. साडेतीन मिनिटांचे गीत साडेतीन मिनिटांतच संपते. ते कोठे चढते, कोठे थांबते, कोठे ध्रुवपदाकडे परत येते, हेही बदलता येत नाही. नवशिक्याला हे बंधन वाटते, परंतु शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती मोठी सोय आहे. आखणीला लागणारी मोजपट्टी त्याच्या हाती आयतीच आलेली असते.

तथापि महाविद्यालयांतून व चित्रपटविद्यालयांतून या कामाला बहुधा उलट्या टोकाकडून सुरुवात होते. प्रथम एक भव्य स्वप्न पाहिले जाते, मग ते आकर्षक शब्दांत शिक्षकांच्या समितीपुढे मांडले जाते, आणि मान्यता मिळाल्यानंतर आखणीला आरंभ होतो. मग कळते की जे मान्य झाले ते करता येण्याजोगे नाही. प्रस्तुत पाठाचा मुख्य मुद्दा इतकाच आहे की, प्रस्ताव हे एक वचन असते, आणि जे मोजलेले नाही त्याचे वचन देऊ नये.

परंपरेचा थोडा विचार

भारतीय प्रेक्षकाला पडद्यावरचे गीत नवे नाही. १९३५ मध्ये नितीन बोस यांच्या ‘धूप छाँव’ या चित्रपटात पार्श्वगायनाचा उपयोग झाला. गीत आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवून नटांनी ओठ हलवायचे, ही पद्धत त्यानंतर आपल्याकडे रुळली. आजचा विद्यार्थी मोबाइल फोनवर गीत लावून मित्राचे चित्रीकरण करतो, तेव्हा तो याच पद्धतीने काम करीत असतो.

परंतु चित्रपटातील गीत आणि स्वतंत्र म्युझिक व्हिडिओ यांत एक महत्त्वाचा फरक आहे. चित्रपटातील गीताला मागच्यापुढच्या कथेचा आधार असतो. नायिका का रडते हे प्रेक्षकाला ठाऊक असते. म्युझिक व्हिडिओजवळ असे भांडवल नसते. पात्र कोण, ते कोठे आहे, त्याला काय हवे आहे, हे सारे त्याच तीन-चार मिनिटांत, आणि बहुधा संवादावाचून, कळावे लागते. म्हणून येथे कल्पना एकच असावी आणि ती लवकर ओळखू यावी.

साधी कल्पना म्हणजे दरिद्री कल्पना नव्हे, हे दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून दिसते. १९६५ मध्ये डी. ए. पेनेबेकर यांनी गायक बॉब डिलन यांच्यावरील आपल्या माहितीपटासाठी लंडनमधील सॅव्हॉय हॉटेलाच्या मागच्या गल्लीत एक गीत चित्रित केले. डिलन उभे आहेत आणि गीतातील शब्द लिहिलेले मोठे पुठ्ठे एकेक करून खाली टाकीत आहेत, एवढेच त्यात घडते. ते गातानाही दिसत नाहीत, त्यामुळे ओठांच्या जुळणीचा प्रश्नच उरत नाही. दुसरे उदाहरण २००६ मधील. ‘ओके गो’ या अमेरिकन वाद्यवृंदाने चालण्याच्या व्यायामाची आठ यंत्रे मांडून, स्थिर कॅमेऱ्यासमोर, एकाच अखंड शॉटमध्ये नृत्य केले. पुढील वर्षी त्या व्हिडिओला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दोन्ही ठिकाणी कल्पना एका वाक्यात सांगता येते. दुसऱ्या उदाहरणात मोलाची गोष्ट होती ती तालमींची, आणि तालमीला विद्यार्थ्याजवळ वेळ असतो.

गीत मोजणे

आता आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच विद्यार्थ्यांचा एक गट आहे. त्यांच्यातील एकाने गीत रचले, चाल बांधली आणि ते गायिले. थोरली बहीण नोकरीसाठी घर सोडून पहाटेच्या गाडीने निघाली आहे आणि धाकटा भाऊ ते पाहत आहे, असा गीताचा विषय आहे. गीत २२० सेकंदांचे, केरव्यातील, मिनिटाला ९६ मात्रा अशा गतीचे आहे.

येथून पुढचे काम कागद-पेन्सिलीचे आहे. २२० सेकंदांत ३५२ मात्रा होतात. केरव्याचे आवर्तन आठ मात्रांचे, म्हणजे एकंदर ४४ आवर्तने झाली आणि प्रत्येक आवर्तन पाच सेकंदांचे ठरले. सेकंदाला २५ चौकटी या वेगाने एका आवर्तनाला १२५ चौकटी मिळतात. मग गीताचा नकाशा असा तयार होतो : आरंभीचे वाद्यसंगीत ४ आवर्तने, ध्रुवपद ६, पहिला अंतरा ८, मधले संगीत ४, ध्रुवपद ४, दुसरा अंतरा ८, त्यानंतर वाद्ये थांबून केवळ तानपुरा उरतो ती २, आणि अखेरचे ध्रुवपद ८. बेरीज ४४ येते.

हा नकाशा केवळ संकलनासाठी नसतो. तानपुऱ्याची ती दोन आवर्तने, म्हणजे दहा सेकंद, गीताचे मर्मस्थान आहे. व्हिडिओतील सर्वांत महत्त्वाची घटना तेथेच घडली पाहिजे, हे मोजणी केल्यामुळे प्रथमच स्पष्ट दिसते.

कल्पनेची निवड

गटाची पहिली कल्पना अशी होती : घाटातून धुक्यात वळणारी गाडी, कोसळणारा पाऊस, डोंगरावरून ड्रोनने घेतलेले दृश्य, फलाटावर धावणारा भाऊ. तीन ठिकाणे आणि वेगवान संकलन, म्हणजे अर्ध्या आवर्तनाला एक असे ८८ शॉट.

आता दिवसाचा हिशेब करू. दहा तासांच्या दिवसातून भोजनासाठी एक तास आणि सामान मांडण्या-आवरण्यासाठी एक तास वजा केला, तर ४८० मिनिटे उरतात. कॅमेऱ्याची जागा बदलणे, प्रकाश बसवणे, तालीम करणे आणि दोन-तीन वेळा चित्रण करणे, यांस सरासरी वीस मिनिटे धरली तर दिवसाला २४ शॉट होतात. म्हणजे ८८ शॉटना जवळजवळ चार दिवस लागतील, आणि त्यात प्रवास धरलेला नाही. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणासाठी पूर्वपरवानगी लागते. ड्रोनच्या बाबतीत २०२१ च्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग पाडले आहेत, त्यांचाही विचार करावा लागतो. पावसावर तर कोणाचाच अधिकार नाही. समितीतील एखाद्या सदस्याने ‘‘पाऊस आला नाही तर काय कराल?’’ असे विचारले, तर या गटाजवळ उत्तर नाही.

दुसरी कल्पना या अडचणीतून जन्मली. कॅमेरा घराबाहेर पडतच नाही. एक खोली आहे आणि जमिनीवर उघडी लोखंडी ट्रंक आहे. प्रत्येक कडव्यागणिक खोलीतील बहिणीच्या वस्तू कमी होत जातात : फणी, पुस्तके, भिंतीवरचे छायाचित्र, खुंटीवरची ओढणी. भाऊ पाठमोराच दिसतो. तानपुऱ्याच्या दहा सेकंदांत ट्रंकेचे झाकण लागते. अखेरच्या ध्रुवपदात रिकाम्या खोलीत बसलेल्या भावाचा चेहरा प्रथमच दिसतो आणि तो गातो.

ही कल्पना स्वस्त आहे एवढ्यासाठीच ती चांगली नव्हे. गाडीचे दृश्य निरोप दाखवते. रिकामी होत जाणारी खोली मागे राहणाऱ्याचे दुःख दाखवते, आणि गीत मागे राहणाऱ्याचे आहे. साधनांची मर्यादा आणि गीताचा अर्थ एकाच दिशेने बोट दाखवू लागले, की कल्पना सापडली असे समजावे. शिवाय आवर्तनाला एक याप्रमाणे ४४ शॉट होतात. त्यांतील पुष्कळसे एकाच कॅमेरास्थानावरून, केवळ वस्तू हलवून, घेता येतात. कॅमेऱ्याच्या २२ जागा धरल्या तर एक दिवस पुरतो. ओठांची जुळणी शेवटच्या ४० सेकंदांपुरतीच करावी लागते.

दिवस, माणसे आणि पैसा

चित्रीकरणाचा क्रम गीताच्या क्रमाने जाईलच असे नाही. येथे मात्र खोली रिकामी होत जाते, त्यामुळे भरलेल्या खोलीचे सारे शॉट आधी आणि रिकाम्या खोलीचे शेवटी घ्यावेत. खिडकीतला प्रकाश सकाळी नऊला व दुपारी तीनला सारखा नसतो, म्हणून खिडकीवर पांढरे कापड लावून प्रकाश दिव्यांनी सांभाळावा. दिव्यांच्या बाबतीत घरातील वीजजोडणी आधी पाहून यावी. १,००० वॅटचे दोन दिवे २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीजप्रवाह घेतात. ते ६ अँपिअरच्या एका जोडणीवर लावणे धोक्याचे आहे. कमी वीज घेणारे एलईडी दिवे मिळाल्यास उत्तम.

पाच जणांची कामे स्पष्ट वाटून द्यावीत : दिग्दर्शन, कॅमेरा, प्रकाश, गीत वाजवणे व नोंदी ठेवणे, आणि व्यवस्था. नोंदी ठेवणाऱ्याचे काम क्षुल्लक समजले जाते, परंतु कोणत्या शॉटमध्ये खुंटीवर ओढणी होती हे तोच सांगू शकतो. गीत वाजत असताना कॅमेऱ्यावर त्याचा आवाजही मुद्रित करावा. तो अंतिम व्हिडिओत वापरायचा नसला, तरी संकलनाच्या वेळी चित्र मूळ गीताशी जुळवण्यास त्याचाच उपयोग होतो. हालचाल संथ पण ओठ जुळलेले हवे असतील, तर सेकंदाला ५० चौकटींनी चित्रण करावे आणि त्या वेळी गीत दुप्पट वेगाने वाजवावे. २५ चौकटींनी दाखवताना दोन्ही जुळून येतात.

अंदाजपत्रक लहान असले तरी लिहावे. समजा, हाती १५,००० रुपये आहेत. भोजन व प्रवास ५,०००, दिवे व भिंग यांचे भाडे ४,५००, ट्रंक व इतर वस्तू २,०००, चित्रणाच्या दोन प्रती ठेवण्यासाठी साठवणुकीची साधने २,००० आणि राखीव १,५००, अशी विभागणी करता येईल. राखीव रकमेला हात लावण्याचा मोह टाळावा. भोजनावरील खर्चही कमी करू नये, कारण मोबदल्याविना राबणाऱ्या मित्रांचा तो मान आहे.

हक्क आणि संमती

एखादे गीत आपल्याला आवडते म्हणून ते आपले होत नाही. १९५७ च्या भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार गीताचे शब्द, त्याची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क निरनिराळे असतात, आणि ते तीन वेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. शब्द व चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. पारंपरिक ओवी कोणाच्या मालकीची नसली, तरी तिचे विशिष्ट ध्वनिमुद्रण मालकीचे असू शकते. सहाध्यायाने रचलेले गीत घेणे हा सर्वांत सरळ मार्ग होय, आणि तेथेही लेखी परवानगी घ्यावी. मैत्री हे परवानगीचे कारण असू शकते, तिचा पुरावा नव्हे.

ज्यांचे चेहरे दिसणार आहेत आणि ज्यांचे घर वापरायचे आहे, त्यांना व्हिडिओ कोठे दाखवला जाणार हे आधी सांगितले पाहिजे. वर्गात दाखवणे आणि सर्वांसाठी खुला करणे यांत मोठे अंतर आहे. एका दिवसासाठी खोली देणाऱ्या कुटुंबाने आपले घर जगाला दाखवण्यास संमती दिली असे गृहीत धरू नये. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक आहे.

प्रस्तावाची मांडणी

ही तयारी झाली की प्रस्ताव निराळा रचावा लागत नाही; तो जवळजवळ तयारच असतो. समितीसमोर दहा मिनिटे मिळतात असे धरू. प्रथम कल्पना एका वाक्यात सांगावी : ‘‘बहीण घर सोडून जात असताना एक खोली रिकामी होत जाते आणि शेवटी भाऊ तेवढा उरतो.’’ त्यानंतर गीत पूर्ण ऐकवावे, आणि ते चालू असताना बोलू नये. श्रोत्यांनी गीत ऐकले नसेल तर पुढचे सारे वर्णन पोकळीत जाते.

मग गीताचा नकाशा आणि सहा-सात चित्रांचा फलक दाखवावा. चित्रकला येत नसल्यास मोबाइल फोनने प्रत्यक्ष खोलीची छायाचित्रे काढून आणावीत. समितीला चित्राचा सुबकपणा नव्हे, तर कॅमेरा कोठे असेल ते पाहावयाचे असते. त्यानंतर दिवसाचे वेळापत्रक, अंदाजपत्रक आणि मिळालेल्या परवानग्या थोडक्यात सांगाव्यात. ज्या मिळायच्या आहेत त्याही सांगाव्यात. शेवटी आपण नेमके काय मागत आहोत, कॅमेरा किती दिवसांसाठी आणि संकलनकक्ष किती तासांसाठी, हे स्पष्ट करावे. काय हवे तेच न सांगितल्याने अनेक चांगले प्रस्ताव नुसती शाबासकी घेऊन परततात.

मोठ्या चित्रपटांशी तुलना करू नये आणि साधनांच्या अभावाबद्दल क्षमाही मागू नये. अडचणीचा प्रश्न विचारला गेल्यास त्याचे स्वागत करावे. ‘‘वीज गेली तर?’’ या प्रश्नाला ‘‘खिडकीजवळचे नऊ शॉट दिव्यांवाचून घेता येतात, ते आधी उरकू’’ असे उत्तर देणारा विद्यार्थी समितीचा विश्वास मिळवतो. ज्याचे उत्तर ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे सांगून टिपून घ्यावे.

या प्रस्तावावर विश्वास ठेवणारे केवळ शिक्षक नसतात. गीतकार मित्राने आपले गीत दिलेले असते, एखाद्या कुटुंबाने खोली दिलेली असते, चौघा सहकाऱ्यांनी आपला दिवस दिलेला असतो. अपुरा राहिलेला व्हिडिओ या सर्वांना दिलेले वचन मोडतो, आणि पुढच्या गटाने दार ठोठावले तर ते उघडेलच असे नाही. म्हणून कागदावरील ही मोजणी कलेच्या बाहेरचे काम समजू नये.

अभ्यासासाठी वाचकाने आपल्या आवडीचे एक गीत घ्यावे, त्याची आवर्तने मोजावीत आणि त्याचे मर्मस्थान कोठे आहे ते शोधावे. मग आपल्या घरातील एकाच खोलीत, एका दिवसात, तेवढ्या आवर्तनांत काय घडू शकेल ते एका वाक्यात लिहावे. ते वाक्य जमेपर्यंत कॅमेरा हाती घेऊ नये.