गाडीचा आस, पृथ्वीचा आस

वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीला रामनवमीची मोठी यात्रा भरते. त्या वाटेवर एखादी बैलगाडी सुटलेली दिसली, तर जरा वाकून तिच्या खाली पाहा. दोन चाकांच्या मधून आडवा गेलेला मजबूत दांडा म्हणजे गाडीचा आस. तो स्वतः फिरत नाही; चाके त्याच्याभोवती फिरतात. चाकाचा तुंबा त्यावर घासतो, म्हणून तेथे वंगण घालावे लागते.

या भागाला रशियन भाषेत म्हणतात ‘ओस’! शेवटचा ‘स’ मात्र मृदू उच्चारायचा. हा शब्द रशियनांनी आपल्याकडून घेतला काय? नाही. संस्कृतात ‘अक्ष’, लॅटिनमध्ये ‘आक्सिस’, रशियनमध्ये ‘ओस’ ही एकाच प्राचीन भाषेची लेकरे आहेत. ‘क्षेत्र’चे जसे ‘शेत’ झाले, तसेच ‘अक्ष’चा मराठीत ‘आस’ झाला. (आशा या अर्थाची ‘ती आस’ निराळी, ती ‘आशा’ शब्दापासून आली.)

गंमत पुढेच आहे. पृथ्वी आसाभोवती फिरते असे आपण म्हणतो आणि रशियन मुलेही तेथे ‘ओस’ हाच शब्द वापरतात. गाडीचा शब्द दोन्हीकडे आकाशापर्यंत पोचला! पण यामुळेच वर्गात हमखास प्रश्न येतो, “सर, एवढा मोठा दांडा पृथ्वीत कोठे आहे?”

दांडा नाहीच. फिरणारा भोवरा आठवा. त्याचा प्रत्येक कण वर्तुळात फिरतो. फक्त मधल्या एका रेषेवरचे बिंदू जागच्या जागी राहतात. ती रेषा म्हणजे आस. पृथ्वीचा आसही अशीच एक काल्पनिक रेषा आहे. रेषेला जाडी नाही, तिच्यावर काही घासत नाही; मग वंगण कशाला?

ही रेषा दिसत नसली, तरी तिची दिशा दिसते. उत्तरेकडे ती वाढवली, तर जवळजवळ ध्रुवताऱ्याकडे जाते. पोहरादेवीचे अक्षांश सुमारे 20 उत्तर आहेत. रात्री उत्तरेकडे तोंड करून हात ताठ पुढे धरा. मिटलेली मूठ सुमारे 10 अंश व्यापते. क्षितिजावर एक मूठ आणि तिच्यावर दुसरी ठेवा. तेथेच ध्रुवतारा सापडेल.

मॉस्कोत मात्र तोच तारा सुमारे 56 अंश उंच दिसतो. आस एकच, मग उंची वेगळी का? उत्तर पृथ्वीच्या आकारात आहे. आकृती काढून शोधा पाहू!