क्लच का घसरतो?

मुलांनो, एस. टी. बसमध्ये चालकाच्या मागच्या बाकावर जागा मिळाली, तर त्याच्या डाव्या पायाकडे पाहा. गिअर बदलायचा असला, की तो पाय एक पेडल खाली दाबतो. गिअर बदलून झाला, की पाय हळूच वर येतो. ते पेडल क्लचचे.

गाडी थांबली, तरी इंजिन फिरतच असते. फिरते इंजिन आणि थांबलेली चाके एकमेकांना कायमची जोडलेली असती, तर प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद पडले असते. ही जोडणी हवी तेव्हा करायची आणि हवी तेव्हा सोडायची, हे क्लचचे काम.

इंजिनाच्या टोकाला एक जड लोखंडी चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला लागून ताटलीसारखी गोल क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर लावलेले असते. त्याला गॅरेजमध्ये लायनिंग म्हणतात. तिच्या मागे प्रेशर प्लेट. तिच्यातील मजबूत स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात. त्यामुळे सगळे एकत्र फिरते. पेडल दाबले, की हा दाब निघतो आणि जोडणी सुटते.

तुमचे दोन्ही तळहात एकमेकांवर दाबा आणि एक हात फिरवून पाहा. दुसराही त्याच्याबरोबर ओढला जातो ना? आता तळहातांना थोडे तेल लावा आणि पुन्हा तसेच करा. हात घसरतो! क्लचमध्ये तेल शिरले, तर असेच होते.

आता आपण दूरच्या ऑस्ट्रेलियात जाऊ. तिथे आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्या देशात होल्डन नावाची मोटार बनत असे. पहिली होल्डन 29 नोव्हेंबर 1948 रोजी मेलबर्न शहरात पंतप्रधान बेन चिफली यांनी लोकांपुढे आणली. 20 ऑक्टोबर 2017 रोजी होल्डनचा शेवटचा कारखाना बंद झाला. पण जुन्या होल्डन अजूनही लोकांच्या घरी आहेत. अशा गाडीचा नवा भाग सहज मिळतोच असे नाही. त्यामुळे पुष्कळ मालक घरीच दोष शोधतात आणि जमेल तेवढी दुरुस्तीही घरीच करतात.

ॲडलेड शहराच्या समुद्रकिनाऱ्यापासून डोंगरातल्या बर्डवूड गावापर्यंत जुन्या गाड्यांची एक मोठी फेरी निघते. ती 1980 मध्ये सुरू झाली. बर्डवूडला मोटारींचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. समजा, तुमच्या शेजारच्या आजोबांना आपली होल्डन या फेरीत न्यायची आहे. सरावासाठी तुम्ही दोघे निघालात. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालली. चढ लागला आणि इंजिन मोठ्याने गुरगुरू लागले, पण गाडी काही जोर धरीना. जळका वासही आला.

चढावर जोर जास्त लागतो, म्हणून क्लचचा दोष तिथे आधी कळतो. इंजिन फिरते, पण क्लच प्लेट घसरते. घासून लायनिंग तापते. त्याचाच तो वास. तशीच गाडी दामटली, तर लायनिंग जळून जाईल.

घरी आल्यावर तुम्ही विचाराल, "आजोबा, आता सगळे खोलायचे का?" आजोबा म्हणतील, "थांब. आधी पेडल पाहू." आणि ते इंजिन बंद करून पेडल हातानेच दाबतील. चांगल्या क्लचचे पेडल सुरुवातीला थोडेसे रिकामेच खाली जाते. कित्येक जुन्या गाड्यांत हे अंतर दोन-अडीच सेंटिमीटर असते. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. लायनिंग झिजत जाते, तसे हे अंतर कमी होते. ते उरलेच नाही, तर पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. मग तो घसरणार नाही तर काय होईल?

त्या काळातील अनेक गाड्यांत पेडलाचा दाब लोखंडी दांडीने क्लचपर्यंत पोहोचतो. दांडीवरचा नट फिरवून हे अंतर पुन्हा नीट करता येते. पाना असला, तर फार वेळ लागत नाही. गाडीचा दोष शोधताना सोपी तपासणी आधी करावी, ती यासाठी. नाहीतर एका नटासाठी माणूस दोन दिवस गिअरबॉक्स खोलत बसतो!

तरीही क्लच घसरला, तर मात्र लायनिंग झिजले असेल, स्प्रिंगा थकल्या असतील, नाहीतर तेल शिरले असेल. आता गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे जाणत्या माणसांचे काम आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. जॅक सरकला, तर माणसाचा जीव जातो. गाडी सपाट, टणक जागी भक्कम घोड्यांवर टेकवावी लागते. दुसरा धोका धुळीचा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचे बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेले, तर पुढे गंभीर आजार होतात. ऑस्ट्रेलियात 31 डिसेंबर 2003 पासून त्याच्या वापरावर पूर्ण बंदी आहे. ती धूळ फुंकायची नाही, कोरड्या ब्रशने झाडायची नाही. क्लच उघडताना मुलांनी तर तिथे थांबूच नये.

नवी प्लेट मिळाली नाही, तर जुन्या प्लेटवर नवे लायनिंग रिव्हेटांनी बसवतात. आपल्याकडच्या गॅरेजांतही हे काम करतात. प्लेट परत बसवताना ती बरोबर मध्यभागी यावी लागते. त्यासाठी तिच्या भोकात नेमक्या मापाचा एक दांडा घालून ठेवतात. प्लेट जरा जरी बाजूला सरकली, तरी गिअरबॉक्स जागेवर बसत नाही.

कधी कधी उलटाच दोष असतो. पेडल पूर्ण दाबले, तरी जोडणी सुटत नाही. गिअर टाकताना करकर असा आवाज होतो. पेडलाचे रिकामे अंतर फार वाढले, तर असे होते. फार दिवस उभ्या असलेल्या गाडीत आणखी एक कारण असते. ओल लागून गंज चढतो आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असली, तर काही मालक पेडल दाबून त्याला लाकडाचे दांडके लावून ठेवतात. गाडी बाहेर काढताना ते दांडके तेवढे आठवणीने काढायचे!