पोच देण्यापूर्वी

चि. सोनूस,


तुझे पत्र मिळाले. ॲमेझॉनचे एस-थ्री भांडार लिनक्सवर फाइलव्यवस्थेसारखे वापरू देणाऱ्या एसथ्रीएफएस या साधनाच्या देखभालीचे काम तू आपण होऊन पत्करलेस, याचा मला फार आनंद झाला. आणि पहिलीच तक्रार ‘फाइल कॉपी झाली, चूक एकही दिसली नाही, परंतु बकेटमध्ये फाइल नाही’ अशी यावी, हे मी तुझे भाग्यच समजतो, कारण या साधनाचा सारा स्वभाव त्या एका तक्रारीत साठलेला आहे. तक्रारदाराच्या हातूनच काही चुकले असावे, असे तू लिहितेस. तसे असेलही, परंतु त्याची संपूर्ण कैफियत वाचल्यावाचून तसा निकाल देण्याचा अधिकार तुला पोहोचत नाही.

ॲमेझॉनने २००६ साली एस-थ्री ही साठवणसेवा सुरू केली, ती फाइलव्यवस्था म्हणून नव्हेच. नावानिशी एक अखंड वस्तू ठेवावी, वाचावी, पुसावी, एवढाच तिचा मूळ व्यवहार. तेथील साध्या बकेटात, म्हणजे वस्तू ठेवण्याच्या कप्प्यात, खरे फोल्डर नाहीत आणि नाव बदलण्याचा हुकूमही नाही. आपले साधन फ्यूजच्या, म्हणजे साध्या प्रोग्रॅमला फाइलव्यवस्था बनू देणाऱ्या सोयीच्या, आधाराने लिनक्सचे प्रोग्रॅम आणि हे भांडार यांच्यामध्ये उभे राहते, आणि जे वचन भांडाराने कधी दिलेच नाही ते आपल्या जबाबदारीवर देते. हजार फाइलींच्या फोल्डरचे नाव बदलले, की आत एकेका वस्तूची प्रत निघते व मूळ वस्तू पुसली जाते. हे चालू असता यंत्र बंद पडले, तर काही फाइली जुन्या नावाखाली आणि काही नव्या नावाखाली राहतात. असल्या मर्यादा संपूर्णपणे दूर होण्याजोग्या नाहीत. त्या माहितीपत्रकात उघडपणे नोंदवणे हेही देखभालीचेच काम होय.

आता मूळ तक्रारीकडे येतो. प्रोग्रॅम लिहितो तेव्हा मजकूर सामान्यतः आपल्याच यंत्रावरील तात्पुरत्या फाइलीत जमा होतो, आणि बकेटकडे त्याची रवानगी बहुधा प्रोग्रॅम फाइल बंद करू लागतो तेव्हा होते. म्हणून नेटवर्क तुटले, किंवा भांडाराने ‘सावकाश’ म्हणून वारंवार ५०३ हे उत्तर धाडले आणि पुनःप्रयत्नांची मर्यादा संपली, तरी त्याची वार्ता त्या अखेरच्या क्षणीच येते, आणि पुष्कळ प्रोग्रॅम फाइल बंद करण्याच्या हुकमाचे उत्तर पाहतच नाहीत. फ्यूजमध्ये या क्षणाला दोन टप्पे आहेत, ‘फ्लश’ आणि ‘रिलीज’. फ्लशने परत केलेली चूक प्रोग्रॅमच्या हाती पडते. रिलीजने परत केलेली चूक मात्र प्रोग्रॅमपर्यंत जातच नाही. एकाच उघडलेल्या फाइलीवर फ्लश अनेकदा येऊ शकतो, त्यामुळे वेग वाढवण्यासाठी अपलोड रिलीजवर ढकलण्याचा मोह चांगल्याचांगल्यांना होतो. तो तू कटाक्षाने टाळ. पार्सल रवाना होण्यापूर्वीच पोस्टाच्या कारकुनाने पोचपावतीवर शिक्का मारावा, तसे ते होईल. आणि त्या पावतीच्या भरवशावर कोणी आपल्या लग्नाची छायाचित्रे किंवा कचेरीचे दफ्तर मूळ जागेवरून पुसून टाकले, तर त्या हानीची भरपाई कोणत्याही वेगाने होणार नाही. मंदगती साधन मी क्षम्य मानतो. खोटी पोच देणारे मानत नाही.

शोध घेताना प्रथम हे पाहा, की त्या वेळी बकेट खरोखर माउंट झालेले होते काय. नसेल, तर फाइल स्थानिक डिस्कवरच, माउंटच्या जागेखाली, सुखरूप पडून असेल, आणि तसे असेल तर तक्रारदाराला चूक दिसण्याचे कारणच नव्हते. बकेट माउंट झालेले असेल, तर साधन पार्श्वभूमीवर न सोडता समोर चालवून त्याच्याकडून सविस्तर लॉग मागव. किल्ल्या व सह्या खोडून पाठवण्यास बजाव. त्या फाइलीच्या नावे गेलेली शेवटची ‘पुट’ विनंती आणि तिला मिळालेले उत्तर, या दोन ओळींवर सारा तपास उभा राहील. रुजवात घेताना एक ध्यानात ठेव: मोठी फाइल तुकड्यांनी चढली असेल, तर तिचा ईटॅग, म्हणजे भांडाराने लावलेली खूण, हा संपूर्ण फाइलीचा एमडी५ ठसा नव्हे, तेव्हा ती उतरवून घेऊन मूळ फाइलीशीच ताडून पाहावी. पूर्वी फाइलींची यादी शिळी दिसली, की एस-थ्रीकडे बोट दाखवून मोकळे होता येत असे; डिसेंबर २०२० पासून तेथे लिहिलेले तत्काळ वाचता येते, म्हणून आता आधी आपलाच स्टॅट कॅश, म्हणजे फाइलींच्या माहितीचा आपल्याकडील साठा, तपासावा.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चाचणी लिही. एस-थ्रीची नक्कल करणारी एसथ्रीप्रॉक्सी स्थानिक यंत्रावर चालव, फाइल चढत असतानाच ती प्रॉक्सी बंद पाड, आणि फाइल बंद करण्याच्या हुकमाला चूक परत मिळते की नाही ते पाहा. ती मिळत नसेल, तर दोष सापडला असे समज व मसुदा मला पाठव. परंतु तक्रारदाराला उद्यावर न टाकता आजच कळव, की मूळ प्रत अद्याप शिल्लक असल्यास त्याने ती पुसू नये.

तुझा,
काका