आधी बूच काढा

देवबागला कर्लीच्या खाडीत कयाकिंगला निघालात की लाइफ जॅकेटचे बंद आवळायला सगळे सांगतात. माझी कंबर गेली ती किनाऱ्यावर, कयाक वर आणताना. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

पौर्णिमा होती. मच्छीमारांचा हिशेब असतो, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सुकती संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, आणि पौर्णिमेची असल्यानं पाणी पार मागे गेलेलं. हे कयाक भाड्यानं देणाऱ्याला ठाऊक नसेल? तरी परतायची वेळ त्यानं तीच दिली, आणि "वर झाडापर्यंत आणून ठेवा" म्हणत खुर्ची टाकून बसला.

दोघांची प्लॅस्टिकची कयाक रिकामी असताना तीस-पस्तीस किलोची असते. मी पुढचं टोक उचललं, नणंदेनं मागचं. तेवढ्यात आतलं पाणी खळखळत मागे धावलं, तिच्या हातून टोक निसटलं, आणि त्या हिसक्यानं माझ्या कमरेत अशी कळ गेली की मी ओल्या वाळूतच बसले. तो जागचा हलला नाही. तिथूनच ओरडला, "उचलूक जमणा नाय तर येतास कित्याक?"

शेजारचे होडीवाले काका धावत आले. त्यांनी मागचं बूच काढलं, पुढचं टोक मांडीवर टेकवलं. पाणी वाहतच राहिलं, थांबेचना. लिटरला किलो, म्हणजे आम्ही काय उचलत होतो ते तेव्हा कळलं. "हिचं बूच कधीचं झिजलंय," काका त्याला तोंडावर म्हणाले. तरी तळ खरवडला म्हणून आमचं डिपॉझिट त्यानं कापलंच. मला अजून चीड येते ती याची.

तेव्हा पाण्याच्या काठालाच बूच काढा, कयाक पूर्ण निथळू द्या, मगच उचला. गुडघ्यांत वाका, कमरेत नको. दोघांची कयाक असेल तर चौघं लावा. टोकाच्या दोरीत बोटं गुंडाळू नका. लाटेनं कयाक गरकन फिरली तर बोट पिळवटतं. लाटा असतील तर कयाक आणि किनारा यांच्या मधे कधीच उभं राहू नका. मागच्याला पायाखालचं दिसत नाही, म्हणून खड्डा, दगड पुढच्यानं मोठ्यानं सांगायचा. दमलात की खाली ठेवा, घाई करू नका. खडकांवर कालवं असतात, पायांत चपला हव्यातच.

आणि पैसे देण्याआधी विचारा, परतल्यावर कयाक वर कोण नेणार? "तुम्हीच" म्हणाला तर गाडी मागा, रुंद चाकांची. अरुंद चाकं वाळूत रुततात.