आधी कॉपी, मग दुरुस्ती

चि. सोनूस,


आबांचा जुना डेस्कटॉप सुरू होत नाही आणि दुकानदार ‘फॉर्मॅट मारावा लागेल’ म्हणतो, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. फॉर्मॅटला सध्या ठाम नकार दे. बिघाड सापडण्याआधीच सांगितलेल्या इलाजावर विश्वास ठेवू नये. त्या डेस्कटॉपच्या डिस्कवर आजीचे फोटो आहेत, आबांचे बागेचे हिशेब आहेत. मशीन बाजारात दुसरं मिळेल, हे मिळणार नाही. म्हणून आधी माहिती वाचवायची आणि मग मशीन, हे मनाशी पक्कं कर.

पहिल्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नकोस, नुसतं बघ. कॉम्प्युटर ठरलेल्या क्रमानं उठतो. एसएमपीएस वीज पुरवतो, मदरबोर्डवरचा बायोस रॅम आणि डिस्प्ले तपासतो, मग डिस्क शोधतो, आणि शेवटी विंडोज सुरू होतं. आपला कुठवर येऊन थांबतो? पंखा फिरतो का, बीप वाजते का, अक्षरं उमटतात का, हे वहीत लिही. स्क्रीनवर काही आलं तर लगेच मोबाइलनं फोटो काढ. निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

बटण दाबून काहीच हललं नाही, तर सॉकेट आणि वायर बदलून बघ, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चालू आहे का तेही बघ. तरीही ढिम्म असेल तर दुकानातून दुसरा एसएमपीएस लावून तपासून घे. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नकोस. आतल्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, असं असेल तर पहिला संशय रॅमवर. कोकणातल्या दमट हवेत जुन्या मशीनचे कॉन्टॅक्ट काळवंडतात. प्लग काढ, पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धर आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. स्लॉटच्या टोकाच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की रॅम वर येते. ती कडांना धर. खालच्या सोनेरी पट्ट्यांवरून मऊ पांढरा खोडरबर हलकेच फिरव आणि चुरा स्लॉटपासून लांब झटक. स्लॉटमधली धूळ कोरड्या ब्रशनं काढ, तोंडानं फुंकर घालू नकोस, थुंकीची ओल आत जाते. खाच जुळवून दोन्ही बाजूंना सारखा दाब दे, क्लिपा ‘टक’ करून बसल्या पाहिजेत. रॅम दोन असतील तर एकेक लावून बघ.

तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल, किंवा ‘एफ-१ दाबा’ असं येत असेल, तर बहुधा मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय. दुकानात ‘सीआर २०३२’ माग, तीन व्होल्टचा असतो, स्वस्त मिळतो. मात्र इथे एक मेख आहे. सेल संपला की बायोसची सेटिंगं मूळपदावर जातात. त्यात साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड ‘एएचसीआय’चा ‘आयडीई’ किंवा उलट झाला, तर विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन येते आणि जुन्या विंडोजवर शेवटी ‘७बी’ असलेला कोड दिसतो. अशा वेळी ‘विंडोज उडालं’ म्हणून फॉर्मॅट मारला जातो आणि सगळं जातं. खरं तर बायोसमध्ये जाऊन तो मोड पूर्ववत केला की काम होतं. तू सेटिंग बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव.

डिस्क सापडत नाही असा संदेश आला, तर आधी पेन ड्राइव्ह, कार्ड वगैरे सगळं काढ आणि डिस्कच्या दोन्ही केबली पुन्हा बसव. डिस्कमधून ‘टिक-टिक’ असा ठोक्याचा आवाज येत असेल तर त्याच क्षणी बंद कर आणि पुन्हा चालू करू नकोस. प्रत्येक खेपेला नुकसान वाढतं. ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्यायची.

आवाज ठीक असेल आणि बायोसला डिस्क दिसत असेल, तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट सिस्टिमचा पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून मशीन सुरू कर. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नकोस, इन्स्टॉल न करताही तो चालतो. आबांना शेजारी बसवून कोणते फोल्डर हवेत ते विचार आणि एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी कर. दोन-चार फोटो उघडून खात्री झाली, की मग विंडोजचं ‘चेकडिस्क’ वगैरे चालव. दुखऱ्या डिस्कवर दुरुस्तीची घाई केली तर उरलेलंही हातचं जातं.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत नोंद कर. चार गोष्टी एकदम बदलून मशीन सुरू झालं तर समाधान मिळेल, पण कारण कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागेल.

दुकानात न्यायची वेळ आली तर संकोच करू नकोस. कारागिराला वही दाखव, काम सुरू होण्याआधी ‘डेटा हवाच आहे’ असं स्पष्ट सांग आणि डिस्क बदलली तर जुनी परत माग. मशीन सुरू झालं तरी त्यावर बँकेचे व्यवहार नकोत. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ पासून सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट बंद झालेत.

तुझ्या हातात हे काम आहे याचा मला आनंद आहे. घाई न करता नीट बघणं तुला जमतं. कॉम्प्युटर कुठे थांबतो ते बघून मला कळव, पुढचं दोघं मिळून ठरवू.

तुझा,
मामा