घटक ४ : विविध प्रकारच्या कादंबऱ्यांचे वाचन आणि कथालेखनाचे कौशल्य

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• कादंबरीच्या निरनिराळ्या प्रकारांतून लेखनतंत्राच्या कोणत्या गोष्टी शिकता येतात, हे सांगता येईल.
• निवेदक, काळ आणि संवादभाषा यांच्या संदर्भात मराठी व्याकरणरूपांचे कार्य ओळखता येईल.
• एका प्रकारातील तंत्र दुसऱ्या प्रकारात कसे उपयोगी पडते, हे उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.
• लेखनाच्या हेतूने कादंबरी वाचण्याची पद्धत अवलंबता येईल.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कथानक, पात्र आणि वातावरण या घटकांचा परिचय करून घेतला. हे घटक प्रत्यक्ष लेखनात कसे हाताळावेत, हे मात्र व्याख्या पाठ करून कळत नाही. त्यासाठी कादंबऱ्या वाचाव्या लागतात. कोणत्या वाचाव्यात, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि त्याचे उत्तर बहुधा 'श्रेष्ठ कादंबऱ्यांची' यादी देऊन दिले जाते. ही यादी उपयुक्त असली तरी अपुरी आहे. रहस्यकादंबरी, ऐतिहासिक कादंबरी, विज्ञान कादंबरी यांना 'रंजनपर' म्हणून बाजूला ठेवणारा अभ्यासक आपल्या शिक्षणाचा मोठा भाग गमावतो.

प्रकारांची विविधता मराठी कादंबरीत आरंभापासून आहे. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या स्थितीचा सामाजिक प्रश्न मांडते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) अद्भुतरम्य वळणाची आहे. रा. भि. गुंजीकर यांच्या 'मोचनगड'पासून (१८७१) ऐतिहासिक कादंबरीची परंपरा सुरू होते. अवघ्या चौदा वर्षांत तीन भिन्न वाटा निर्माण झाल्या. या वाटांकडे लेखकाच्या दृष्टीने कसे पाहावे, हा या घटकाचा विषय आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ प्रकार म्हणजे लेखकापुढील विशिष्ट अडचण

वाचकाच्या दृष्टीने प्रकार म्हणजे विषयाचे वर्गीकरण. लेखकाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक प्रकार एक विशिष्ट अडचण समोर ठेवतो. रहस्यकथेत वाचकापासून काही लपवायचे असते. ऐतिहासिक कादंबरीत वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो. विज्ञान कादंबरीत वाचकाला अपरिचित असलेले ज्ञान कथा न थांबवता द्यायचे असते. ग्रामीण कादंबरीत लेखनाची भाषा आणि पात्रांची भाषा यांत अंतर असते. ज्या प्रकारात जी अडचण सर्वांत तीव्र, त्या प्रकारात तिच्यावरचे उपाय सर्वांत स्पष्ट दिसतात. म्हणून प्रकार बदलून वाचणे म्हणजे एकेक कौशल्य सुटे करून पाहणे होय.

४.३.२ रहस्यकादंबरी : माहितीवरील नियंत्रण

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजय या नायकांनी मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. अशा कादंबऱ्यांत कोणती माहिती केव्हा द्यायची, याचा हिशोब लेखकाला सतत ठेवावा लागतो. मराठीत तर हा हिशोब क्रियापदापर्यंत जातो. पुढील तीन वाक्ये पाहा :

(अ) दाराशी कोणीतरी उभा होता.
(आ) दाराशी कोणीतरी उभे होते.
(इ) दाराशी एक आकृती उभी होती.

पहिल्या वाक्यात व्यक्ती पुरुष असल्याचे सूचित होते. दुसऱ्यात नपुंसकलिंगी रूपामुळे ते झाकले जाते. तिसऱ्यात 'आकृती' या नामाचे व्याकरणिक लिंग पुढे येते आणि व्यक्तीचे लिंग मागे राहते. लपवणे म्हणजे खोटे सांगणे नव्हे, तर खरे सांगतानाच शब्दाची निवड करणे, हा धडा येथे मिळतो. सामाजिक कादंबरीत एखाद्या पात्राचे दुःख उशिरा उलगडायचे असेल, तर हेच कौशल्य लागते.

४.३.३ ऐतिहासिक कादंबरी : ठाऊक असलेला शेवट

रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) हाती घेणाऱ्या वाचकाला थोरल्या माधवरावांचा अकाली मृत्यू माहीत असतो. विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) वाचणाऱ्याला १७६१ सालच्या लढाईचा निकाल शिकवावा लागत नाही. तरीही वाचक पुढे वाचतो. कारण 'काय घडेल' या कुतूहलाची जागा 'कसे आणि का घडले' या उत्कंठेने घेतलेली असते. लेखकाला नात्यांतील ताण, निर्णयाचे क्षण आणि टळू शकल्या असत्या अशा गोष्टी यांवर भर द्यावा लागतो. कथेचा जोर केवळ शेवटच्या धक्क्यावर अवलंबून ठेवणाऱ्या नवोदित लेखकाने हे आवर्जून अभ्यासावे.

दुसरा प्रश्न भाषेचा. पेशवाईतील पात्र 'पाच मिनिटांत येतो' असे म्हणू शकत नाही; तेथे घटका आणि प्रहर हवेत. पण संपूर्ण कादंबरी बखरीच्या भाषेत लिहिली तर आजचा वाचक अडखळेल. म्हणून शब्दसंग्रहात काळाची छटा आणि वाक्यरचनेत आजची सुगमता, असा मध्यममार्ग अनेक लेखक स्वीकारतात.

४.३.४ ग्रामीण आणि विज्ञान कादंबरी : अपरिचिताचा परिचय

हे दोन प्रकार एकत्र घेतलेले पाहून आश्चर्य वाटेल. परंतु दोन्हींत लेखकाला वाचकाला अनोळखी जगात न्यायचे असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'मध्ये (१९५५) निवेदक हा धनगरांच्या वस्तीवर नव्याने आलेला तरुण शिक्षक आहे. वस्तीच्या चालीरीती त्याला ठाऊक नाहीत, म्हणून तो शिकतो आणि त्याच्याबरोबर वाचकही शिकतो. माहिती स्वतंत्रपणे सांगावी लागत नाही. शेरलॉक होम्सच्या कथांत डॉ. वॉटसन हेच कार्य करतो. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला'सारखी विज्ञान कादंबरी वाचताना शास्त्रीय माहिती कोणाच्या तोंडून, कोणासाठी आणि कोणत्या गरजेपोटी येते, याची नोंद करा. 'जाणकार आणि अजाण' ही जोडी कथेत किती कामाची आहे, हे ध्यानात येईल.

बोलीचा प्रश्नही येथेच येतो. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधील (१९६०) संवादांतून वऱ्हाडी बोली येते. बोलीचा वापर करताना सर्व ध्वनिवैशिष्ट्ये लिहून काढणे आवश्यक नसते. क्रियापदांची रूपे, संबोधने आणि मोजके शब्द यांतून बोली उभी राहते. बोली केवळ विनोदासाठी वापरली की पात्राचा मान जातो, हेही लक्षात ठेवावे.

४.३.५ आत्मनिवेदन आणि पत्रे : 'मी' कोण?

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची निवेदक यमू ही स्त्री आहे. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले', 'मी जातो' आणि 'मी जाते' अशी रूपे भिन्न असल्याने निवेदकाचे लिंग फार काळ झाकून राहत नाही. 'मी जाईन' किंवा 'मी त्याला ओळखले' अशा रचनांत मात्र ते दिसत नाही. पुरुष लेखकाने स्त्रीचे आत्मनिवेदन लिहायचे, तर क्रियापदाचे रूप बदलणे हा सर्वांत सोपा भाग झाला. तिला घरातील काय दिसते, काय ऐकू येते आणि काय बोलता येत नाही, हे ठरवणे अवघड असते.

शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हेही आपापल्या बाजूने बोलतात. पु. शि. रेगे यांच्या 'सावित्री'त (१९६२) केवळ सावित्रीची पत्रे आहेत. समोरच्याची उत्तरे वाचकाने कल्पावयाची असतात. एकीकडे अनेक 'मी', तर दुसरीकडे एकच 'मी' आणि त्यासमोरचे मौन. दोन्ही कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्यास निवेदकाची निवड म्हणजेच कथेची निवड, हे पटेल.

४.३.६ काळाची हाताळणी

मराठीत काळाची गती बदलण्याचे एक प्रभावी साधन म्हणजे रीतिभूतकाळ. पुढील उतारा पाहा : 'तो रोज पहाटे विहिरीवर जाई. आई ओट्यावर बसून त्याची वाट पाही. त्या दिवशी तो गेला नाही.' 'जाई', 'पाही' या रूपांनी कित्येक महिने दोन वाक्यांत सांगितले. 'गेला नाही' या साध्या भूतकाळाने एक दिवस वेगळा काढला आणि प्रसंग सुरू झाला. विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) जहाजप्रवासाच्या मोजक्या दिवसांत मोठा भावनिक पट सामावला आहे. कादंबरी वाचताना लेखक कोठे सारांश देतो आणि कोठे प्रसंग उभा करतो, हे पेन्सिलीने समासात खुणावे. पुस्तक ग्रंथालयाचे असेल तर वहीत पृष्ठांक लिहावेत.

४.३.७ वाचनाची पद्धत

पहिले वाचन केवळ आनंदासाठी करावे. दुसऱ्या वाचनात एकच प्रश्न घ्यावा. निवेदक, काळ, माहिती किंवा संवाद यांपैकी एकच. तिसऱ्या टप्प्यात आवडलेल्या एका प्रसंगाचे तंत्र स्वतःच्या परिसरातील विषयावर वापरून पाहावे. मूळ वाक्ये समोर ठेवू नयेत.

एकाच लेखकाचे वाचन अनुकरणाकडे नेते. 'कोसला'च्या (१९६३) वेगळ्या निवेदनशैलीने भारावून तसेच लिहिण्याचा मोह अनेकांना झाला. अनेक प्रकार वाचलेल्या लेखकापुढे मात्र पर्याय असतात आणि निवड करता येणे हेच कौशल्य. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकणाऱ्याच्या गावातील वाचनालयात गाजलेल्या कादंबऱ्या असतीलच असे नाही. पाठकोरी झालेली रहस्यमाला आणि एखाद-दुसरी ऐतिहासिक कादंबरी बहुधा असते. तेवढ्यावरही अभ्यास सुरू करता येतो. फसलेली कादंबरीसुद्धा ती कोठे फसली हे शोधणाऱ्याला शिकवते. अर्थात वाचनाला लेखनाची जोड नसेल, तर तंत्र ओळखता येते पण वापरता येत नाही.

४.४ सारांश

प्रत्येक कादंबरीप्रकार लेखकापुढे विशिष्ट अडचण ठेवतो आणि तिच्यावरील उपाय दाखवतो. रहस्यकादंबरी माहितीचे नियंत्रण, ऐतिहासिक कादंबरी ज्ञात शेवटातील उत्कंठा, ग्रामीण व विज्ञान कादंबरी अपरिचित जगाचा परिचय, तर आत्मनिवेदनपर व पत्ररूप कादंबरी निवेदकाची निवड शिकवते. लिंग व काळ दर्शवणारी मराठी क्रियारूपे ही या सर्वांत लेखकाची हाताशी असलेली साधने आहेत.

४.५ स्वाध्याय

१. 'प्रकार म्हणजे लेखकापुढील विशिष्ट अडचण' हे विधान दोन कादंबऱ्यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. निवेदकाचे लिंग प्रकट होणार नाही अशा रीतीने प्रथमपुरुषी निवेदनातील दहा वाक्ये लिहा व वापरलेल्या रचनांची नोंद करा.
३. रीतिभूतकाळातून साध्या भूतकाळाकडे जाणारा एक परिच्छेद आपल्या गावातील घटनेवर लिहा.
४. जवळच्या वाचनालयातून भिन्न प्रकारांच्या दोन कादंबऱ्या घेऊन त्यांच्या पहिल्या प्रकरणांत वाचकाला कोणती माहिती दिली आहे आणि कोणती राखून ठेवली आहे, याचा तक्ता तयार करा.